आभारी आहे, आणि कशाबद्दल तेही सांगतो

कृतज्ञता हा मानवी मनाचा सर्वोच्च आविष्कार आहे. हे वाक्य मी आयुष्यात इतक्या व्यासपीठांवरून ऐकलं आहे, की ते सुरू झालं की माझा हात आपोआप समोरच्या बिस्किटांकडे जातो. बोलणारा बहुधा पाहुण्यांचं नाव विसरलेला असतो आणि आठवेपर्यंत वेळ काढत असतो. मिलिंद गांगुर्डे यांच्याशी ओळख झाल्यावर मात्र या वाक्याबद्दल माझं स्वतःचं एक मत झालं. आविष्कार सर्वोच्च असेलही. पण ज्याचे खरोखर आभार मानले जातात, त्याला कुठे पाहावं ते कळत नाही.

एकलहऱ्याच्या वीज केंद्रात आम्ही एकाच शिफ्टला होतो. मी शिफ्टचा प्रमुख आणि गांगुर्डे परमिटच्या टेबलावर. या टेबलाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण गांगुर्डे समजून घ्यायला दुसरा रस्ता नाही. वीज केंद्रात कुठलंही यंत्र दुरुस्तीला घ्यायचं, तर आधी त्याची वीज तोडतात, स्विचला कुलूप घालतात आणि वर लाल पाटी बांधतात : ‘माणसे कामावर आहेत. चालू करू नये.’ मग परमिट नावाचा कागद निघतो. त्यावर दोन वेगवेगळ्या माणसांच्या सह्या होतात आणि त्यानंतरच कुणी यंत्राला हात लावतो. काम संपलं की तो कागद टेबलावर परत येतो. परत घेताना दोन प्रश्न विचारायचे. सगळी माणसं बाहेर आली? सगळी हत्यारं बाहेर आली? उत्तर मिळाल्यावर पाटी सुटते. यातली एक पायरी गाळली तर काय होतं, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्यावर कुणी बोलत नसे.

गांगुर्डे एकही पायरी गाळत नसत. ठेंगणे, सावळे, शर्टाच्या खिशाला एक निळं आणि एक लाल पेन, आणि चालणं असं की जणू प्रत्येक पावलाची नोंद कुठेतरी होते आहे. मुख्य अभियंता स्वतः येऊन घाई करू लागले तरी ते दोन्ही प्रश्न विचारत, आणि तेही संपूर्ण. “साहेब, हत्यारं?” “अहो, आली असतील ना!” “असतील नको साहेब. आली का?” मुख्य अभियंता मग मुकाट्यानं पाने-पकडी मोजायला माणूस पाठवत.

आणि काम उरकलं की ते आभार मानत. आपण सगळेच दिवसातून दहा वेळा थँक्यू म्हणतो, पण ते शिंकेसारखं असतं. गांगुर्डे समोर येऊन उभे राहत, दोन्ही हात बाजूला सरळ सोडत आणि म्हणत, “आभारी आहे. आणि कशाबद्दल तेही सांगतो.” मग ते खरंच सांगत. कॅन्टीनच्या आचाऱ्याला एकदा त्यांनी असंच गाठलं. “काल चहात आलं होतं. माझा घसा बसला होता हे तुम्हाला माहीत नव्हतं, तरी तुम्ही घातलं. आभारी आहे.” आचारी इतका दचकला, की पुढे महिनाभर आम्ही सगळे आल्याचा काढा पीत होतो.

पुढे मी निवृत्त झालो, तेव्हा मला शाल आणि नारळ देण्यात आला. तीन वक्त्यांनी मला दीपस्तंभ म्हटलं. वीज केंद्रात नोकरी केल्यावर ही उपमा टळत नाही. मग गांगुर्डे उठले. “साहेबांनी मला एकदा झापलं होतं. मी एका परमिटवर सही करताना पंपाचा नंबर चुकीचा वाचला होता. खऱ्या पंपावर तेव्हा दोन माणसं काम करत होती. ते दोघं आत्ता तिसऱ्या रांगेत पेढा खातायत. आभारी आहे.” एवढं बोलून ते खाली बसले. तिसऱ्या रांगेतल्या दोघांचं चघळणं थांबलं. त्या समारंभातलं मला आठवतं ते एवढंच.

माझ्या निवृत्तीच्या आधीच्या वर्षी एका सकाळी गांगुर्डे टेबलाशी उभे होते, बसले नव्हते. मी विचारलं, काय झालं? त्यांनी रिपोर्ट द्यावा तसं सांगितलं, “साहेब, सईच्या पोटात गाठ निघालीय. डाव्या किडनीला. कॅन्सरची. आधी काही आठवडे औषधं देणार, मग ऑपरेशन, किडनी काढणार, मग परत औषधं. या जातीची गाठ बऱ्याच मुलांची बरी होते म्हणतात. बऱ्याच म्हणजे सगळ्यांची नाही. मी विचारून घेतलं.”

सई त्यांची एकुलती एक मुलगी, तेव्हा सहा वर्षांची. आंघोळ घालताना तिच्या आईच्या हाताला पोट एका बाजूनं टणक लागलं होतं. आई म्हणजे प्रज्ञाताई, सिन्नर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. नाशिकरोडहून रोज एसटीनं जाऊन येऊन करायच्या. गांगुर्डे त्यांना घरातही ‘मॅडम’ म्हणत.

मी गांगुर्डेंना घरी जायला सांगितलं. ते म्हणाले, “जातो. हे एक परमिट परत यायचंय, ते घेतो आणि जातो.” त्या दिवशी त्यांनी दोन प्रश्न तीन वेळा विचारले. फिटरनं तिन्ही वेळा उत्तर दिलं. कुणी हसलं नाही.

गांगुर्डे बौद्ध. त्यांच्या घरी बैठकीच्या खोलीत बुद्धाची एक लहानशी मूर्ती आहे आणि संध्याकाळी तिच्यासमोर मेणबत्ती लावून तिघं वंदना म्हणतात. त्या काळात मी दोन-तीनदा त्या वेळेला तिथे होतो. मी कुठल्याच धर्माचा उत्साही सभासद नाही, त्यामुळे एका बाजूला बसून नुसतं ऐकत होतो. हिंसा करणार नाही, चोरी करणार नाही, खोटं बोलणार नाही. पाचही ओळी ऐकल्यावर माझ्या लक्षात आलं, की यात मागणं एकही नाही. सगळी आपणच द्यायची वचनं. औषधांमुळे सईचे केस गेले होते. पिवळी टोपी घालून ती मोठ्यांदा म्हणायची आणि ‘मद्यपान करणार नाही’ या ओळीला माझ्याकडे बघायची.

शेजारच्या ब्लॉकमध्ये शेवाळे मावशी राहत. मूळच्या वणीच्या, सत्तरीच्या आत-बाहेर, दोन्ही गुडघे गेलेले आणि आवाज शाबूत. एका संध्याकाळी वंदना संपताच त्या थेट मुद्द्यावर आल्या.

“मिलिंद, नवस बोलला का?”

“नाही मावशी.”

“का रं? पोरीचा जीव हाय. तुमच्यात कुणाला बोलायचा असतो?”

“आमच्यात मागायची सोय नाही, मावशी.”

 मागायची सोयच नसलेला धर्म मावशींना बिनदाराच्या घरासारखा वाटला असावा. मग त्या म्हणाल्या, “मंग मी मागते. माझ्या नावानं. गडावरच्या देवीला. पोरगी उठून हिंडाय लागली का मी पायऱ्या चढून येईन.”

“मावशी, तुमचे गुडघे…”

“गुडघे माझे हायेत. तुला काय करायचंय?”

प्रज्ञाताई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, “बोलू द्या हो त्यांना. तुम्ही तरी कुठं सोडताय? काल सोनोग्राफीच्या मशीनला विचारत होतात, अर्थिंग नीट आहे ना म्हणून.”

गांगुर्डे ओशाळले. पण ते खरं होतं. मागायची सोय नसली की माणसाची भीती सगळी त्याच्याजवळच राहते, वर कुठे पाठवता येत नाही. ती त्यांनी तपासणीत घातली होती. औषधाच्या बाटलीवरचं नाव ते नर्सबरोबर वाचत. सलाईनचे थेंब मोजत. सुरुवातीला नर्सेस वैतागल्या. मग त्यांच्या लक्षात आलं, की हा माणूस चूक काढायला बघत नाही, आणि बरोबर निघालं की आभार मानतो, कशाबद्दल तेही सांगतो. नंतर नंतर त्या स्वतःच हाक मारू लागल्या, “सईचे पप्पा, या, वाचा.”

सईला त्यांनी सगळं खरं सांगितलं होतं, पण आपल्या भाषेत. तिनं विचारलं होतं, “एक किडनी काढली तर मग?” ते म्हणाले, “आमच्याकडे प्रत्येक पंपाला एक स्टँडबाय असतो. एक बंद पडला की दुसरा पूर्ण लोड घेतो. तुला जन्मतःच मिळालाय.” सईला हे इतकं पटलं, की भेटायला येणाऱ्या आत्या-मावश्या डोळ्यांना पदर लावू लागल्या की ती त्यांची समजूत घालायची, “रडू नका. माझा डावा ट्रिप झालाय. मी आता स्टँडबायवर चालणारे.” आत्या-मावश्या आणखी रडायच्या.

ऑपरेशनच्या आधी दोन दिवस गांगुर्डे माझ्याकडे आले. “साहेब, परवा याल का दवाखान्यात? करायचं काही नाही. दुसरी सही लागते, तेवढंच.” मला समजलं. मी गेलो.

दवाखाना शहरातला, मोठा, ऑपरेशन थिएटर तिसऱ्या मजल्यावर. सकाळी आठला सर्जन सईला बघायला आले. तरुण होते, चष्म्याआड झोप कमी झालेले डोळे. गांगुर्डे उठून उभे राहिले.

“साहेब, डावी ना?”

“डावी.”

“तिची डावी.”

“तिचीच. माझी मी ठेवून घेणार आहे.”

“खूण केलीय?”

डॉक्टरांनी चादर जरा बाजूला करून पेनानं काढलेली खूण दाखवली. मला वाटलं, आता हे चिडणार.

“दुसरी सही कोणाची?” गांगुर्डेंनी विचारलं.

डॉक्टर थांबले. मग म्हणाले, “भूल देणाऱ्या मॅडमची. आत गेल्यावर त्या मला मोठ्यानं विचारतात, कोण पेशंट, कुठली बाजू. मी सांगितल्याशिवाय सुरू करू देत नाहीत. संपल्यावर सिस्टर विचारतात.”

गांगुर्डेंचे खांदे खाली आले. माझ्याकडे वळून ते हळूच म्हणाले, “साहेब, पद्धत आहे यांच्याकडे.” श्रद्धा श्रद्धा म्हणतात ती त्या माणसाची नेमकी कशावर होती, ते मला त्या क्षणी कळलं. जगात कुठेतरी कुणीतरी दुसऱ्यांदा विचारतं, यावर होती.

ट्रॉली निघाली. दारापाशी सईनं टोपी सावरत विचारलं, “पप्पा, स्टँडबाय चेक केला ना?”

“केला. तीनदा.”

“मग ठीके,” ती म्हणाली, आणि दार बंद झालं.

चार तास लागतील असं सांगितलं होतं. प्रज्ञाताई आणि शेवाळे मावशी बाकावर बसल्या. मावशींचे ओठ हलत होते. गांगुर्डे उभेच. त्यांना करायला काही उरलं नव्हतं आणि ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. वाचायला बाटली नव्हती, मोजायला थेंब नव्हते. पहिला तास तसाच गेला. मग जिन्याजवळच्या भिंतीवरच्या मोठ्या इलेक्ट्रिक पॅनलपाशी एक माणूस पिशवी घेऊन आला आणि त्यानं पॅनलचं झाकण उघडलं.

गांगुर्डे चार ढांगांत तिथे होते.

“काय करताय?”

“पंख्याचं काम आहे, भाऊ.” माणूस पन्नाशीचा, कानाला टेस्टर अडकवलेला. त्याचं नाव अन्वर मिस्त्री हे आम्हाला नंतर कळलं.

“कुठला पंखा?”

“खालचा. एक स्विच बंद करतो, पाच मिनट का काम है.”

“आत ऑपरेशन चालू आहे.”

“हां, रोजच चालू असतं.”

“माझी मुलगी आहे आत. परमिट आहे का तुमच्याकडे?”

अन्वर मिस्त्रींनी हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली घेतला. दवाखान्यात त्यांना लोकांनी बरंच काही विचारलं असेल, पण हे बहुधा पहिल्यांदाच. गांगुर्डेंनी आपली ऑफिसची बॅग उघडली. तिच्या बाहेरच्या कप्प्यात एक लाल पाटी असायचीच, जशी काही लोकांच्या खिशात अंगाऱ्याची पुडी असते. ती त्यांनी पॅनलच्या मुठीला दोऱ्यानं बांधली. माणसे कामावर आहेत. चालू करू नये. खरं तर इथे ‘बंद करू नये’ हवं होतं, पण पाटी त्यांच्याकडे एकच होती. मग खुर्ची ओढून ते तिथेच बसले.

“काम संपलं की मी स्वतः सोडीन,” ते म्हणाले. “तोवर थांबा. मी हात जोडतो.”

मिस्त्री माझ्याकडे वळले. मी वर छताकडे पाहिलं. ते पिशवी खाली ठेवून जिन्याच्या पायरीवर बसले.

अर्ध्या तासानं गांगुर्डे पाणी प्यायला दहा पावलं गेले, तेवढ्यात मिस्त्री माझ्या कानाशी आले. “साहेब, एक बोलू? थेटरची लाइन अलग आहे. आतमध्ये आहे, त्याला जनरेटर, बॅटरी सगळं आहे. हा पॅनल कॅन्टीनचा आहे.”

मी काही बोललो नाही. खरं बोलावं, थोतांड उघडं पाडावं, असं मी जन्मभर मानत आलो. ओळखीच्या लोकांना त्याचा त्रासही पुष्कळ झाला आहे. मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं, मग पाणी पिणाऱ्या माणसाच्या पाठीकडे पाहिलं आणि म्हणाले, “जाऊ दे. पंखा दुपारनंतर बघतो.” मग ते परत पायरीवर बसले आणि त्यांनीच येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायला सुरुवात केली, “उधर से, उधर से. पॅनल के पास नहीं.”

साधारण अकराच्या सुमाराला जिन्यावरून वीस-पंचवीस माणसं चढून आली. पुढे पांढऱ्या कपड्यातले एक भाऊ, मागे केळ्यांच्या पाट्या, त्यांच्याही मागे बॅनर आणि फोटोग्राफर. भाऊंचा वाढदिवस होता आणि रुग्णांना फळवाटप होतं. भाऊंनी परिस्थितीचा अंदाज घेतला, आई रडते आहे हे पाहिलं, आणि बाप कुठे आहे ते विचारलं. मावशींनी पॅनलकडे बोट दाखवलं.

“दादा, या इकडं, आईशेजारी उभं राहा,” भाऊ म्हणाले. “एक फोटो घेऊ. समाजाला कळलं पाहिजे.”

“आत्ता नाही जमणार,” गांगुर्डे बसल्या जागेवरून म्हणाले. “मी पॅनलवर आहे.”

हे वाक्य इतकं अधिकारानं आलं, की भाऊंना वाटलं, बाप दवाखान्यातच कामाला आहे. फोटोग्राफरला त्यांनी खूण केली. शेवटी फोटो माझा निघाला. पुढच्या आठवड्यात एका व्हॉट्सॲप ग्रुपवर मी ‘रुग्णाचे आजोबा’ म्हणून केळं घेताना दिसत होतो. निघताना गांगुर्डेंनी भाऊंना थांबवलं. “आभारी आहे. कशाबद्दल तेही सांगतो. केळी व्यवस्थित पिकलेली आहेत. वाटपाची बहुधा हिरवी असतात.” भाऊ भाषणं देऊन देऊन तयार झालेले गृहस्थ, पण त्यांनी पाटीतलं एक केळं उचलून दाबून पाहिलं. ते हात जोडून दुसऱ्या मजल्यावर उतरले.

मग बारा वाजले. साडेबारा वाजले. चार तास होऊन वर अर्धा तास गेला. गांगुर्डे ताठ बसले होते, एक हात पाटीवर. प्रज्ञाताई उठून त्यांच्याजवळ गेल्या आणि खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या राहिल्या.  कॅन्टीनमध्ये पंख्याशिवाय मिसळ खाणारे लोक घाम पुसत वर येत होते, तेवढीच हालचाल.

पाऊण वाजता दार उघडलं. सर्जन टोपी काढत बाहेर आले. त्यांनी लांबूनच मान हलवली, पण गांगुर्डे मान हलवण्यावर विश्वास ठेवणाऱ्यांतले नव्हते. ते उभे राहिले.

“झालं,” डॉक्टर म्हणाले. “गाठ पूर्ण निघाली. फुटली नाही. ती ठीक आहे. थोड्या वेळानं जागी होईल.”

“सगळी माणसं बाहेर आली?” गांगुर्डेंनी विचारलं. आवाज त्यांचा नव्हता.

डॉक्टरांनी मागे वळून पाहिलं. “एक मॅडम तिच्याजवळ आहेत. बाकी येतायत.”

“सगळी हत्यारं?”

“दोनदा मोजली,” डॉक्टर म्हणाले. ते हसले नाहीत, याबद्दल मी त्यांचा आजन्म ऋणी आहे. “कापसाचे तुकडेसुद्धा. सिस्टरनं मोजले, मी ऐकले.”

“मग परमिट बंद करतो,” गांगुर्डे म्हणाले आणि पाटी सोडायला वळले. ती सुटेना. दोऱ्याचं टोक त्यांना सापडत नव्हतं. शेवटी अन्वर मिस्त्री पुढे झाले, दातांनी गाठ ओढून सोडवली आणि पाटी त्यांच्या हातात दिली. गांगुर्डे ती छातीशी धरून खुर्चीत बसले आणि एखाद्या लहान मुलासारखे रडले. मावशींनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला आणि मोठ्या आवाजात देवीला सांगितलं, “बाई, ऐकलं बरं का तू!”

पुढची औषधं सहा-सात महिने चालली. केस आले, आधी कुरळे आणि मग सरळ. आणि गांगुर्डेंच्या आभारांची मोहीम सुरू झाली. ज्यांनी रक्त दिलं होतं त्या सगळ्यांना ते घरी जाऊन भेटले. लिफ्टवाल्याला भेटले, लॅबमधल्या माणसाला भेटले. एका रिक्षावाल्यानं ऑपरेशननंतर घरी येताना नाशिकरोडपर्यंतचे सगळे गतिरोधक हळू ओलांडले होते. त्याला शोधायला त्यांनी तीन रिक्षा स्टँड पालथे घातले. तो सापडल्यावर आधी पळूच लागला. त्याला वाटलं तक्रार आहे. अन्वर मिस्त्रींकडे ते ईदच्या दिवशी गेले. “तुम्ही थांबलात. आभारी आहे.” मिस्त्री म्हणाले, “अहो, मी काय केलं? बसलो.” पॅनलचं त्यांनी सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही.

आणि ते शेवाळे मावशींना गडावर घेऊन गेले. वर जायला आता ट्रॉली आहे, पण मावशी पायऱ्यांचं बोलल्या होत्या. मी खालीच चहाच्या टपरीवर थांबतो असं जाहीर केलं आणि अर्ध्या तासानं, उत्सुकता आवरेना म्हणून, धापा टाकत मागून गेलो. गांगुर्डेंच्या एका खांद्यावर ओटीच्या सामानाची पिशवी, दुसऱ्या हाताला मावशी. दर दहा पायऱ्यांनी थांबायचं. वर पोचल्यावर ते दाराबाहेर थांबले, मावशींच्या चपला घेऊन.

“येत नाही का आत?” मावशींनी विचारलं.

“मी इथं बरा आहे. तुम्ही जाऊन या.”

“काय सांगू तिला?”

गांगुर्डेंनी विचार केला. “सांगा, सईचे वडील बाहेर आहेत म्हणून.”

मावशी आत जाऊन आल्या. बाहेर आल्यावर ते त्यांच्यासमोर हात सरळ सोडून उभे राहिले. “मावशी, आभारी आहे. कशाबद्दल तेही सांगतो. मला मागता येत नव्हतं. तुम्ही माझ्या वाटचं मागितलंत.”

“बास झालं,” मावशी म्हणाल्या. “चपला दे आधी. फरशी तापलीय.”

एकाच माणसाचे आभार मात्र राहत होते, ते म्हणजे सर्जनचे. दर तपासणीला गांगुर्डे त्यांच्यासमोर उभे राहत, “आभारी आहे,” म्हणत, आणि तिथेच थांबत. कशाबद्दल ते सांगताच येत नव्हतं. ते फार मोठं होतं. डॉक्टरही असल्या प्रसंगी चटकन पुढच्या पेशंटला बोलावणारे. असं पाच वर्षं चाललं.

यंदा शेवटची तपासणी होती. माझी जुनी गाडी अजून चालते म्हणून मी त्यांना घेऊन गेलो. सई आता अकरा वर्षांची, वेण्या घातलेली, वडिलांपेक्षा जेमतेम वीतभर कमी. आधी सोनोग्राफी झाली. लगेच आत या, डॉक्टरांना निघायचंय, असा निरोप आला, म्हणून आम्ही तसेच गेलो. डॉक्टरांच्या कानशिलांवर पांढरं आलं होतं. त्यांनी रिपोर्ट वाचला, मागचा काढून त्याच्याशी ताडून पाहिला, आणि फाइल मिटली.

“स्वच्छ आहे. आता माझ्याकडे यायची गरज नाही. वर्षातून एकदा तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवा.”

प्रज्ञाताईंनी डोळ्यांना रुमाल लावला. गांगुर्डे उभे राहिले. त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. लाल आणि निळ्या दोन्ही शाईत लिहिलेला. यंदा त्यांनी लिहूनच आणलं होतं. डॉक्टरांचा हात घंटीकडे गेला होता, तो त्यांनी मागे घेतला. चष्मा काढून टेबलावर ठेवला. दारात उभी असलेली सिस्टर आत आली आणि तिनं दार लावून घेतलं. खोलीत इतकी शांतता झाली, की मलाही, आयुष्यभर भाषणांत डुलक्या काढणाऱ्याला, खुर्चीत सरळ बसावंसं वाटलं.

“डॉक्टरसाहेब,” गांगुर्डेंनी वाचायला सुरुवात केली, “आभारी आहे. आणि कशाबद्दल, तेही सांगतो.” त्यांनी एक मोठा श्वास घेतला. “एक…”

“पप्पा,” सई म्हणाली, “मला बाथरूमला जायचंय.”

“बेटा, दोन मिनिटं.”

“दोन मिनिटं नाही. आत्ता.”

सोनोग्राफीसाठी तिला सकाळपासून दीड लिटर पाणी प्यायला लावलं होतं. त्या मजल्यावरचं बाथरूम दुरुस्तीसाठी बंद होतं, म्हणून बापलेक जिन्यानं खाली पळाले. ते परत आले तेव्हा डॉक्टर निघून गेले होते. कागद गांगुर्डेंच्या हातात तसाच होता, आणि स्टँडबाय पूर्ण लोडवर चालत होता.